प्रश्नपत्रिकेतल्या आजी

रक्तातील साखर कमी झाल्यास कोणती लक्षणे दिसतात, हा प्रश्न रुग्णशुश्रूषेच्या परीक्षांत वर्षानुवर्षे विचारला जात आहे. घाम, थरथर, भूक, गोंधळलेपणा अशी चार लक्षणे लिहिली की चार गुण पदरात पडतात. बाकावर बसून, पर्यवेक्षकांच्या नजरेखाली लिहिताना या प्रश्नाला थोडाफार अर्थ होता. परंतु विद्यार्थिनी आपल्या घरी मोबाईलवर परीक्षा देत असेल, तर तिला त्याच मोबाईलवर हे उत्तर निमिषार्धात सापडते. मग आपण तिची स्मरणशक्तीही तपासत नाही. फार तर तिच्या घरी नेटवर्क कसे आहे, ते आपल्याला कळते.

आम्ही तिघी परिचारिका, दोघी निवृत्त व एक अजून सेवेत, घरोघरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांसाठी मराठीतून ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतो. शिकणाऱ्या बहुतेक जणी वसई ते डहाणू या पट्ट्यातल्या. दिवसभर परक्या घरी कुणा आजी-आजोबांचे करायचे आणि रात्री स्वतःच्या घरची भांडी आवरली की पाठ ऐकायला बसायचे, असा त्यांचा दिनक्रम. जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्यकशिक्षकाने १९९० साली या विषयी चार पायऱ्या मांडल्या होत्या: ठाऊक असणे, कसे करावे ते ठाऊक असणे, करून दाखवता येणे आणि प्रत्यक्ष कामात तसे करणे. प्रसंगावर बेतलेला प्रश्न आपल्याला दुसऱ्या पायरीपर्यंत नेतो, त्यापुढे नाही. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसे वळवावे, हे पाहायचे तर हात दिसावे लागतात. त्यासाठी आम्ही साऱ्या जणींना एक दिवस प्रत्यक्ष बोलावतो.

आमच्या प्रश्नपत्रिकेतल्या आजी ७४ वर्षांच्या आहेत. सकाळी साडेसातला त्यांना इन्सुलिन दिले आहे. नाश्ता समोर आला तेव्हा अर्धी चपाती खाऊन त्यांनी ताट बाजूला सारले. साडेनऊच्या सुमारास त्या घामाने निथळत आहेत, हात कापतो आहे आणि समोरच्या बाईला त्या आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारीत आहेत. प्रथम काय कराल? बस्स, एवढाच प्रश्न.

‘साखर कमी झाली’ हे शब्द त्यात कुठेही नाहीत, आणि आमच्या मते सारे मर्म तेथेच आहे. रोगी कपाळावर रोगाचे नाव लिहून येत नाही. नाव आपणच सांगून टाकले, तर ओळखण्याचे अर्धे काम आपण करून मोकळे होतो आणि पुन्हा पाठांतराचाच प्रश्न उरतो. उलट, नको तो तपशीलही घालू नये. आजींचे गाव, नातवंडांची संख्या, भिंतीवरील तसबिरी हे सारे लिहायला मोठी मौज वाटते. पण दमूनभागून आलेल्या बाईला ते सहा ओळी जास्त वाचायला लावते, आणि मग परीक्षा शुश्रूषेची न राहता वाचनाची होते. इन्सुलिनची वेळ हवी, अर्धी चपाती हवी. तसबीर नको.

चुकीचे पर्याय मात्र आम्ही कल्पनेने रचले नाहीत. शिकणाऱ्यांनी लिहून पाठविलेल्या हकिकतींतूनच ते उचलले: कांदा हुंगवणे, झोपवून पंखा लावणे, मुलाला फोन करून त्याची वाट पाहणे. लोक खरोखर जे करतात तेच पर्यायात आले, तर पर्याय फसवा वाटत नाही आणि सोपाही राहत नाही.

मूडल ही विनामूल्य प्रणाली मार्टिन डुगियामस यांनी ऑस्ट्रेलियात उभी केली. तिची पहिली आवृत्ती २००२ साली आली. आमची परीक्षा तिच्यावरच होते. तिच्यात प्रश्नांचा क्रम आपोआप बदलण्याची सोय आहे. सुट्या प्रश्नांना ती उत्तम. परंतु प्रसंगाच्या प्रश्नांना लावली, तर आजी एका पानावर आणि त्यांचे औषध तिसऱ्याच पानावर जाते. म्हणून तेवढ्या विभागापुरती ती बंद ठेवावी लागते. शिवाय प्रत्येक प्रश्न वेगळ्या पानावर, आणि मागे परतण्याची मुभा नाही. कारण दुसरे पान पहिल्याचे उत्तर सांगून टाकते: ‘ग्लुकोमीटरवर ५८ आकडा आला आहे. आजी शुद्धीवर आहेत, गिळू शकतात.’ पहिल्या पानावर चुकलेलीलाही येथे नव्याने सुरुवात करता येते. एका चुकीपायी तिचे सारे गुण जात नाहीत. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे तेथले उत्तर. तिसऱ्या पानावर आजी हाकेला ओ देत नाहीत. आता तोंडात थेंबही घालायचा नाही. कुशीवर वळवून १०८ क्रमांकाला फोन करायचा. काही जणींच्या दुसऱ्या पानावर आम्ही ५८ ऐवजी २४० आकडा ठेवतो. तेथे साखर पाजणे चूक, आणि असा घाम हृदयविकाराचाही असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना तातडीने कळवणे बरोबर. साहजिकच मैत्रिणीचे उत्तर उतरवून घेणारीची पंचाईत होते.

पहिल्या परीक्षेनंतर एका विद्यार्थिनीने फोनवर आक्षेप घेतला. “सिस्टर, तुमच्या पेपरातल्या आजींना सून नाही. आमच्या घरच्या वहिनी रोज बजावून जातात, आईंना साखरेचा कणही द्यायचा नाही. मी साखर पाजली आणि त्यांनी मला कामावरून काढलं, तर गुण घेऊन काय करू?” घरात सांगणारे कोण आणि ऐकणारे कोण, हे आम्हां रुग्णालयात वाढलेल्यांपेक्षा तिला पक्के ठाऊक होते. त्या आठवड्यात आम्ही तिघी दोनदा बसलो. एकीचे मत पडले की, हा वाद प्रश्नपत्रिकेत आणूच नये. तो पगाराचा मामला आहे. पण खऱ्या घरात चमचा हातात थबकतो तो नेमका याच जागी.

दुसऱ्या खेपेला सून आली. सकाळी बाहेर पडताना ती बजावून जाते, आणि साखरेच्या पानानंतर एक चौथे पान उघडते: आजी सावरल्यावर सुनेला फोनवर काय सांगाल, ते तीन ओळींत लिहा. हे यंत्र तपासू शकत नाही. आम्हीच वाचतो आणि त्यात दोन संध्याकाळी जातात. बऱ्याच जणी माफी मागतात. काही जणी सारा दोष अर्ध्या चपातीवर टाकून मोकळ्या होतात. आक्षेप घेणारी ती बाई पुन्हा परीक्षेला बसली होती. तिने लिहिले होते की, वहिनी, साडेनऊला आकडा ५८ होता, तीन चमचे साखर दिली, पावणेदहाला ९४ झाला, दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवलेत, संध्याकाळी डॉक्टरांना दाखवू. पूर्ण गुण द्यावेत यावर आमचे एकमत झाले. ती वही ठेवण्याचा पाठ मात्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. तो आता आम्ही लिहायला घेतला आहे.