पोटखराबा

4 फेब्रुवारी
उजाडायच्या आत सड्यावर पोचलो. कातळातली रेघ बघायची तर ऊन तिरपं हवं. दहा वाजले की सडा एकसारखा होतो आणि पायाखालची खाचही सापडत नाही. आबांनी कळशीतलं पाणी ओतलं. ते आधी नुसतं पसरलं, मग खाचेत शिरून धावायला लागलं. शेपटी, पाठ, तोंड, परत पोटाखालून शेपटी असा अख्खा मासा पाण्यानेच काढून दाखवला. खाचेत माझ्या करंगळीचं एक पेर बुडतं. आबा म्हणाले, "आमच्या लहानपणी हे पांडवांचं. गुरं राखताना चप्पल घालून कोण त्यावरून जात नसे."

माशापासून चाळीस पावलांवर चिरेखाणीच्या मशीनने मारलेल्या रेघा आहेत. काटकोनात, ताज्या, लाल भुकटीने भरलेल्या.

6 फेब्रुवारी
मासा आहे त्या गटाचा सातबारा काढला. लागवडीलायक थोडंसं, बाकी सगळा पोटखराबा. 'इतर हक्कां'त सोसायटीचा बोजा आहे, विहिरीच्या पाण्यातला हिस्सा आहे. मासा नाही. चिरेखाणीचा अर्ज तपासणाऱ्यापुढे एवढाच कागद जातो, त्याने तरी काय अडवायचं? वर ग्रामपंचायतीचं ना हरकत जोडलेलं, आणि त्या ठरावावर माझीही सही आहे. सड्यावर पाऊल न टाकता केलेली. दोन दिवस ती सही डोळ्यांपुढून हलत नाही.

9 फेब्रुवारी
कायदा वाचत बसलो. केंद्राच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली: संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढचे 200 मीटर परवानगीशिवाय बांधकाम करायचं नाही. राज्याचा 1960 चा कायदा वेगळा. पण हे सगळं 'संरक्षित' म्हणून जाहीर झाल्यावर. आमचा मासा कुठेच जाहीर नाही.

2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं फणसायमाळ धरून कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या अंगातच कितीतरी प्राणी. उक्षीच्या लोकांनी आपल्या हत्तीभोवती कठडा बांधून घेतला. बारसूला मात्र 2023 मध्ये रिफायनरीसाठी माती तपासायला आले तेव्हा गावं सड्यावर जाऊन बसली. यादीत नाव असूनही ती पाळी आली, मग यादीबाहेरच्या सड्यांवर काय होत असेल? कातळ एकदा चिरा होऊन ट्रकमध्ये चढला की उत्खननालाही काही उरत नाही. देऊळ पडलं तर पाया राहतो. इथे चित्र म्हणजेच जमीन.

11 फेब्रुवारी
दादाकडे गेलो. जमीन त्याची. माझ्यावर तो रागावला नाही, चहा दिला. म्हणाला, "मोहोर यंदाही करपला. चिरा तेवढा नक्की विकला जातो. मासा ठेवतो, पण त्या तीन गुंठ्यांचं मला कोण देणार?" मी म्हटलं, "दादा, ते सरकारनेच द्यायला हवं." "हवं," तो म्हणाला, आणि गप्प राहिला. त्याचं चुकत नाही. सगळ्या जगाचा ठेवा सांभाळायचा खर्च एकट्या खातेदाराच्या माथी मारून चालणार नाही.

14 फेब्रुवारी
ग्रामसभेत ठराव झाला: यापुढे सड्यावरच्या कुठल्याही जागेचं ना हरकत देण्याआधी दोन सदस्यांनी सकाळच्या उन्हात जागा चालून बघायची, सापडेल ते नकाशावर मांडायचं. एक जण म्हणाला, कामं अडतील. अडू देत चार दिवस. दादाने उभं राहून सांगितलं, माझ्या गटापासून सुरू करा.

तलाठी भाऊ म्हणतात, सातबाऱ्यावर माशाला रकाना नाही. 'इतर हक्कां'त लिहा म्हटलं. वर विचारतो म्हणाले. नोंदीच्या अर्जाला माशाचा ठसा जोडलाय, सहा कागद चिकटवून काढलेला.

17 फेब्रुवारी
मोजणीवाले परवा येणार. सात वाजता या म्हणून निरोप दिला होता. अकरापर्यंत पोचतो म्हणाले. अकराला रेघ दिसत नाही. उद्या स्वतः जाऊन सांगायला हवं.