हँडब्रेक हवाच!

मैत्रिणींनो, ट्रकचं नाव दिसलं म्हणून पान उलटू नका. हा लेख पुरुषांच्या मासिकातून चुकून इकडे आलेला नाही. ज्या घरात जुनी गाडी आहे आणि ती चालवायला एखादा तरुण मुलगा उतावीळ झाला आहे, त्या घरातल्या बाईनं तो जरूर वाचावा.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, पण गेली कित्येक वर्षं बिऱ्हाड अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला. हे गाव म्हणजे तीन नद्या आणि बाकी सगळ्या टेकड्या. इथल्या बीचव्ह्यू भागात कँटन अव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे, त्याचा चढ 37 टक्के. म्हणजे 100 फूट पुढं सरकलात की 37 फूट वर! आमच्या दारापुढचा उतार तेवढा नाही. पण हातातला लिंबू निसटला तर तो खालच्या वळणावर जाऊन शोधावा लागेल, एवढा नक्की आहे.

अशा दारात ह्यांनी 1966 सालचा फोर्डचा पिकअप ट्रक आणून उभा केला. दिसायला मोठा देखणा. पण इकडे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीचं पोट खातं. आपण ज्याला हँडब्रेक म्हणतो त्याला इकडे पार्किंग ब्रेक म्हणतात. त्याच्या केबल्स गंजल्या म्हणून आधीच्या मालकानं चक्क कापून टाकल्या होत्या, आणि चाकाच्या आतले सुटे भाग बिस्किटांच्या डब्यात घालून आमच्या हवाली केले होते.

“गिअरमध्ये टाकून ठेवू, चाकामागं ठोकळा लावू. हँडब्रेकवाचून काय अडलंय?” इति आमचे हे. जुन्या गाड्यांची खास नंबरपाटी घेतली की या राज्यात वार्षिक तपासणीही लागत नाही. म्हणजे विचारणारं कोणी नाही! आणि मुलगा सुटीत येऊन हाच ट्रक चालवणार होता.

मी मग त्या ट्रकचं जुनं दुरुस्तीचं पुस्तक घेऊन बसले. त्यातली एक गोष्ट तुम्हांला सांगितलीच पाहिजे. पायानं ब्रेक दाबला की ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे जातं. आताच्या गाड्यांत त्याचे दोन वेगळे मार्ग असतात; एक फुटला तरी दुसरा निम्मे ब्रेक राखतो. अमेरिकेत मोटारींना 1968 पासून हे सक्तीचं झालं. आमच्या 1966 च्या ट्रकला सगळा मिळून एकच मार्ग. कुठंही एक नळी फुटली की पॅडल जमिनीला टेकलं आणि चारही चाकांचे ब्रेक गेले! अशा वेळी हाती उरतो तो फक्त हँडब्रेक, कारण तो ऑइलवर नव्हे, केबलवर चालतो. तो नुसता गाडी उभी करण्यासाठी नसतो हो. त्या गाडीचा दुसरा ब्रेक म्हणजे तोच, आणि नेमका तोच बिस्किटांच्या डब्यात!

“हँडब्रेक बसल्याशिवाय मुलगा किल्लीला हात लावणार नाही,” मी सांगून टाकलं. ह्यांचा खांदा शस्त्रक्रियेनंतर वर जात नव्हता. तेव्हा काम माझ्याकडेच आलं. शिलाई मशीन उघडून साफ करायची सवय मला आहेच. हे थोडं मोठं मशीन, एवढंच.

पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. मागचा भाग जॅकनं उचलून खाली लोखंडी घोडे दिले. नुसत्या जॅकवरच्या गाडीजवळ बसायला तुमच्या घरात कोणी निघालं, तर त्याला उठवा. जॅक उचलण्यापुरता; तोलून धरण्याचं काम त्याचं नाही.

गंजून चिकटलेला ड्रम हलके ठोके देत निघाला आणि आत काळीकुट्ट धूळ. इथं जरा थांबते, कारण ही गोष्ट खास बायकांची आहे. जुन्या ब्रेकच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीनं कधीही उडवू नये, कोरड्या झाडूनं तर नाहीच. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांना फुप्फुसांचे जीवघेणे आजार झाल्याची नोंद आहे. त्या कधी कारखान्यात गेल्याही नव्हत्या! अमेरिकेत 2024 साली क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम निघाला, त्यात ब्रेकची लायनरंही आली. पण जुन्या ड्रमच्या पोटात काय आहे ते कोण सांगणार? मी मास्क लावला, सगळं साबणाच्या पाण्यानं भिजवलं, ओल्या चिंध्यांनी पुसलं आणि चिंध्या पिशवीत बांधून टाकल्या. कपडेही वेगळे धुतले.

एका वेळी एकच चाक उघडायचं. जुळवताना अडलं तर दुसऱ्या बाजूचं न उघडलेलं चाक नमुन्याला असतं. आमच्याकडे हँडब्रेकपुरता नमुना कुठंच नव्हता, म्हणून पुस्तकातलं चित्र समोर चिकटवलं.

ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू असतात. गाडी पुढं जाताना ब्रेक दाबला की पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि खालच्या दांडीतून मागच्याला रेटतो. ढकलतो पुढचा, पण जास्त भार पडतो मागच्यावर. म्हणून पुढच्याचं लायनर आखूड आणि मागच्याचं लांब. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे दोनदा समजवावं लागत नाही!

पाठीमागच्या पत्र्यावर शू जिथं घासतात, त्या उंचवट्यांना ब्रेकचं खास ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकंच लावलं. लायनरला मात्र ग्रीसचा ठिपकाही चालत नाही. आता हँडब्रेक. मागच्या शूला वरच्या टोकाशी एक लांब दांडी खिळीनं अडकवायची, तिच्या खालच्या टोकाला केबल. त्या दांडीपासून पुढच्या शूपर्यंत एक आडवी पट्टी, आणि पट्टीच्या पुढच्या टोकाला एक लहानशी स्प्रिंग. केबल ओढली की दांडी पट्टीला रेटते, पट्टी पुढच्या शूला, आणि दोन्ही शू ड्रमला घट्ट भिडतात. ही पट्टी वरच्या दोन जाड स्प्रिंगा चढवण्याआधीच बसवावी लागते. नाही तर केलेलं सगळं पुन्हा उतरवा. आणि त्या स्प्रिंगा! पकडीतून एक सुटली ती गॅरेजच्या दाराला पोचा पाडून गेली. डोळ्यांना चष्मा का हवा हे ह्यांना तेव्हा पटलं.

खालच्या दातेरी चाकानं शू ड्रमच्या जवळ आणायचे. डाव्या-उजव्या बाजूची ही चाकं वेगळी असतात, मिसळायची नाहीत. ड्रम घासू लागेपर्यंत आवळायचं, मग मोकळा फिरेपर्यंत थोडं सैल. हँडब्रेकच्या केबलचा नट आवळायचा तो यानंतर, सगळ्यांत शेवटी. आधीच आवळला तर शू आपल्या जागी परत येत नाहीत आणि सगळीच जुळवणी खोटी ठरते.

मग नळ्यांतली हवा काढणं. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. इथं चालक डावीकडे बसतो, म्हणून उजवं मागचं चाक पहिलं. आजवर “दाब… धर… सोड” हे हुकूम मी पॅडलवर बसून ऐकलेत. या खेपेला हे पॅडलवर आणि हुकूम माझे. दोन तास एवढे शांततेत आमच्या घरी क्वचितच गेले असतील.

शेवटी दारापुढच्या उतारावर परीक्षा. गिअर काढला, हँडब्रेक लावला, ठोकळा चाकापासून वीतभर खाली ठेवला, मागं कोणालाही उभं राहू दिलं नाही. ह्यांनी पायाचा ब्रेक हळूच सोडला. ट्रक किंचित कुरकुरला आणि थांबला. तोंड फिरवून उलट्या बाजूनंही तपासलं. शंभरेक मैल चालवल्यावर शू पुन्हा जुळवून घेतले. हिवाळ्यात केबल गंजून अडकू नये म्हणून, गाडी नुसती उभी असली तरी, आठवड्यातून एकदा हँडब्रेक लावून सोडायचा, हे काम मुलाकडे दिलं आहे.

हाताचं काळं ग्रीस मात्र साबणानं जाईना. ते गेलं गोडेतेल आणि साखरेनं चोळून. तेवढं लक्षात ठेवा, ट्रक नसला तरी उपयोगी पडेल.