हँडल जड लागलं की

शिशाची गोळी बंदुकीच्या नळीतून कोरडी धाडली, तर ती जाता जाता आपली साल नळीतच ठेवून जाते. आतल्या पिळाच्या खाचा शिशानं बुजतात, नेम बिघडतो आणि मग तासन्‌तास नळी खरवडत बसावं लागतं. म्हणून घरी गोळ्या ओतणारी माणसं गोळीच्या कमरेभोवतीच्या खाचांत वंगण भरून ठेवतात. निम्मं मधमाश्यांचं मेण आणि निम्मं अॅलॉक्स नावाचं चिकट, तपकिरी वंगण, हे अमेरिकेतलं जुनं जाणतं मिश्रण. दिसायला चिमूटभर, पण शिसं आणि पोलाद यांच्यामध्ये उभं राहण्याचं सगळं काम त्याचं.

हे मेण भरायचं यंत्र मी पाहिलं ते ओहायोत, लेकीच्या शेजाऱ्यांच्या तळघरात. माझा जन्म भोसरीच्या टूलरूममध्ये गेलेला. त्यामुळे परदेशी गेल्यावर देवळं आणि धबधबे बघून झाले की हात शिवशिवायला लागतात. लेक ते ओळखून होती. "बाबा, शेजारच्यांचं कसलंसं यंत्र अडकलंय, बघून येता का? आणि आल्यावर आधी साबणानं हात धुवा, शिसं असतं ते."

शेजारी माझ्याहून वयानं मोठे. एरी सरोवराच्या काठी कँप पेरीला १९०७पासून नेमबाजीचे राष्ट्रीय सामने भरतात. तिथे ते तरुणपणी जायचे. आता कागदी निशाणावर महिन्याकाठी थोडीफार करमणूक. मला बंदुकीचं प्रेम नाही, हे मी त्यांना पायरीवरच सांगितलं. ते म्हणाले, अडकलेल्या यंत्राला त्याचं काय!

यंत्र बिडाचं, बाकाला बोल्टनं आवळलेलं. एका अंगाला मेणाचं नळकांडं आणि त्याच्या मधोमध आट्यांचा दांडा. रॅचेटचा पाना फिरवला की दट्ट्या खाली सरकतो आणि मेणाला रेटतो. आमच्याकडच्या पितळी सोऱ्याचीच ही जात. फक्त शेव बाहेर पडण्याऐवजी मेण डायच्या भिंतीतल्या बारीक भोकांतून आत शिरतं. गोळी डायच्या तोंडावर उभी करायची आणि हँडल खाली ओढायचं. वरचा पंच तिला आत दाबतो. एका दाबात दोन कामं होतात: गोळी घासून नेमक्या मापाची होते आणि तिच्या खाचांत मेण भरतं. हँडल वर नेलं की खालची पिन तिला उचलून बाहेर देते. साधं, दणकट, शंभर वर्षांत फारसं न बदललेलं काम. कनेटिकटातल्या न्यू हेवनच्या जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी अवजारं घरोघर पोचवली, त्यांचाच हा वंश.

आता ते हँडल अर्ध्यात थांबलं होतं. वर जाईना, खाली येईना. मी हात लावायच्या आधी नुसतं पाहिलं. मुठीखाली लोखंडावर ताजे, चकचकीत ओरखडे होते आणि बाकाखाली हातभर लांबीचा पाइप. हँडलला पाइप चढवून जोर केला गेला होता. पुढचं काही विचारावं लागलं नाही.

पहिलं काम म्हणजे रॅचेट उलटा फिरवून दट्ट्याचा दाब काढणं. मग हेअर ड्रायरनं बिडाचं अंग सावकाश शेकलं. मेण वितळायला ६२-६४ अंश लागतात, पण मऊ पडायला त्याच्या पुष्कळ आधीच सुरुवात होते. थोड्या वेळानं पंचाच्या कडेनं तपकिरी मेणाचा ओघळ आला. थंडीत मेण सरकत नव्हतं म्हणून यांनी पाना आवळत नेला होता. मग तळघरातली शेगडी पेटली, मेण सैल झालं आणि साठलेला सगळा दाब गोळीच्या बुडाखाली जाऊन बसला. दोन्हीकडच्या लिंकच्या पिना काढून हँडल सुटं केलं, वरचा नट उघडला, तेव्हा डाय गोळीसकट हातात आली. मेण गेलं तरी गोळी हलेना.

बाजूच्या डब्यातल्या तिच्या बहिणी मायक्रोमीटरवर धरल्या. डाय .३५८ इंचाची आणि गोळ्या .३६१. तीन थाऊ, म्हणजे इंचाचे तीन हजारांश, जास्त. हे शिसं कुठलं, विचारलं. बंद पडलेल्या एका छापखान्याचं, स्वस्तात मिळालेलं. तिथेच उलगडा झाला. लायनोटाइपच्या धातूत ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. अँटिमनीमुळे धातू कडक होतो आणि थिजताना कमी आक्रसतो. अक्षराची कड त्यामुळेच शाबूत राहते. त्याच गुणानं जुन्या साच्यातून गोळी मात्र जाड निघाली.

उष्णतेचं काम संपलं होतं, आता थंडीचं होतं. गार होताना शिसं पोलादाच्या दुपटीहून जास्त आकसतं. बाहेर उणे पंधरा. डाय पिशवीत बांधून ओट्यावरच्या बर्फात खुपसली. पस्तीस अंशांच्या फरकानं त्या नऊ मिलिमीटर व्यासात जेमतेम पाच मायक्रॉनांची सवड मिळणार होती, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून कमी. मिळेल तेवढी घ्यायची.

वाट पाहताना त्यांनी विचारलं, भारतात गोळ्यांना काय लावतात? मी म्हटलं, काय लावलंय या प्रश्नावरून आमच्याकडे एक राज्य हादरलं होतं. एनफील्ड रायफलीचं नाव काढताच ते सावरून बसले. त्यांच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंकडे तीच रायफल होती. मग मी त्यांना १८५७ सांगितलं. .५७७ची नवी रायफल, लांब पल्ला, नेम अचूक. कंपनीच्या साहेबांनी पोलाद पाहिलं, पल्ला पाहिला. काडतुसाच्या कागदाला फासलेली चरबी कोणाची, हे विचारायचं राहिलं. जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली, तेव्हा शिपायांना स्वतःचं वंगण बाजारातून आणायची मुभा मिळाली. पुढे दातांऐवजी बोटांनी काडतूस फाडायची सूटही दिली. उपाय बरे होते, पण विश्वास आधीच थिजला होता. २४ एप्रिलला मेरठमध्ये नव्वदांपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतूस घ्यायला नकार दिला. हा नकार हातांना कळायला हवा होता. त्याऐवजी हँडलला पाइप चढवला गेला: ९ मे रोजी भर कवायतीच्या मैदानात त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. १० मेला मेरठ पेटलं. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे त्या सुमारास दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले होते. महूच्या वाटेवर शिपायांनी त्यांनाही हीच काडतुसांची हकिकत ऐकवली. मेणचरबीची गोष्ट अशी भिक्षुकाच्या पडशीपर्यंत पोचली होती.

म्हातारबुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनीच डाय आत आणली. लाकडी ठोकळ्यावर उलटी ठेवून पितळी ड्रिफ्टवर हलक्या हातोडीनं ठोके दिले. गोळी सुटली आणि ठोकळ्याच्या भोकात पडली. डायचं पोट केरोसीननं पुसलं, भिंगातून पाहिलं; ओरखडा नव्हता.

पुढची पद्धत ठरवून दिली. छापखान्याचं शिसं मऊ शिशात मिसळूनच ओतायचं. तरी जाड निघालंच, तर आधी .३६०च्या डायमधून काढून मग .३५८मध्ये घालायचं. पाना एका वेळी पाव फेराच. काम संपलं की अर्धा फेरा उलटा, म्हणजे रात्रभर मेण कोंडून राहत नाही. आणि हँडल जड लागलं, की हात थांबवायचा.

पाइप मात्र त्यांनी टाकला नाही. ट्रकच्या चाकाचे नट सोडायला लागतो म्हणाले. ते पटलं. गंजलेल्या नटाला पाइप लागतोच. पण जिथे सारं काम बोटभर मेणावर चाललंय, तिथे पाइपाची आठवण झाली, तर आपण काहीतरी विचारायचं विसरलो आहोत एवढं नक्की.