आईच्या डोक्यातला आकडा

लालबागच्या आमच्या चाळीत आई दर रविवारी केसांतला आकडा काढायची आणि खाटेच्या सांध्यांतून फिरवायची. मग तो उजेडात धरायची. टोकाला खसखशीएवढं पांढरं काही चिकटलेलं दिसलं, की गॅलरीत जाऊन सरळ ओरडायची, "ढेकूण झालेत गं!" त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. भिंती सामायिक, तेव्हा ढेकूणही सामायिक. त्याच दिवशी साऱ्या मजल्याच्या खाटा उन्हात यायच्या. १९८२ च्या गिरणी संपात रॉकेल जपून वापरावं लागे, तेव्हा सांध्यांत त्याऐवजी उकळतं पाणी ओतलं जाई.

पुढे पुण्याच्या वसतिगृहात माझ्या हातावर ओळीनं गांधी उठल्या. खोलीतली मैत्रीण म्हणाली, "डास असतील, मला कुठं काय झालंय?" मी केसांतला आकडा काढला. माझ्यापेक्षा तिच्याच गादीत जास्त निघाले! अंगाची साक्ष कच्ची असते, हे तेव्हा कळलं. चावूनही काहींच्या अंगावर खूणच उठत नाही. पक्की साक्ष गादीच्या शिवणीत मिळते. शाई सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके, ओलं फडकं लावलं की तांबूस पसरणारे. कांद्याच्या पापुद्र्यासारखी कात. मोठं होईपर्यंत ढेकूण ती पाचदा टाकतो आणि प्रत्येक वेळी त्याआधी त्याला रक्त लागतं. फार झाले, की खोलीत कुजक्या कोथिंबिरीसारखा वास येतो. पण वास येईपर्यंत थांबलात, तर उशीर झालेला असतो.

परवा लेकाच्या उशीच्या अभ्र्यावर तसाच एक ठिपका दिसला. महिन्यापूर्वी प्रवासातून आल्यावर त्यानं बॅग थेट पलंगावर टाकली होती. आता माझे केस आखूड, घरात आकडा नाही. जुनं एटीएम कार्ड पलंगाच्या फटीतून फिरवलं. कडेला खसखस.

"कुणाला सांगू नकोस," नवरा म्हणाला. फवारणीवाला मुलगाही गणवेश न घालता, साध्या कपड्यांत आला. लोक तसंच सांगतात म्हणे. जाताना मात्र म्हणाला, "काकू, शेजारी सांगा. वायरिंगच्या पाइपातून परत येतात."

बारा वर्षं शेजारी राहून मी त्या दाराची बेल क्वचितच वाजवली होती. शेजारणीनं दार अर्धंच उघडलं. फटीतून दिसलं, हॉलच्या खिडकीशी, उन्हात, गादी उभी करून ठेवलेली.

मी एवढंच विचारलं, "किती दिवस झाले?"

तिनं दार पूर्ण उघडलं.