अर्धा डोस

शेवंडीला नांग्या नसतात, रीफ लॉबस्टरला असतात. माझा जांभळ्या ठिपक्यांचा होता, जेमतेम चार इंची. दिवसभर टाकीतल्या दगडाखालच्या कपारीत बसायचा, बाहेर दिसायच्या फक्त मिशा. रात्री लाल टॉर्च लावून मी तासन्‌तास त्याच्यासमोर बसायचो. लाल उजेड त्याला फारसा जाणवत नाही. कात टाकली की अख्खं कवच वाळूवर पडलेलं असायचं, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यांसकट.

मग क्लाउनफिशच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. त्यावर तांब्याचं औषध चालतं. खेकडे, कोळंबी, लॉबस्टर असलेल्या टाकीत वापरू नका, असं बाटलीवर छापलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. पण दुसरी टाकी मांडायची म्हणजे पाणी, हीटर, फिल्टर, सगळं आलं. मासे तर डोळ्यांसमोर धापा टाकत होते. अर्ध्या डोसने दोघंही वाचतील असं मी ठरवलं आणि औषध ओतलं.

अर्धा डोस कुणाच्याच कामाचा नव्हता. परजीवी मरायला लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं तीन ते सहा आठवडे टिकवावं लागतं. लॉबस्टरला त्याहून कितीतरी कमी पुरतं. त्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्य तांब्याचंच असतं, तरीही.

दुसऱ्या दिवशी भर उजेडात तो कपारीबाहेर कुशीवर पडला होता, पाय थरथरत होते. कात टाकतोय, हात लावायला नको, असं मी घरच्यांना सांगितलं. त्याच वेळी पाणी बदललं असतं, फिल्टरमध्ये कार्बन घातला असता, तर काही आशा होती. संध्याकाळपर्यंत तो गेला. त्या आठवड्यात क्लाउनफिशही गेला.

पाणी बदलत राहिलो. टेस्ट किटमध्ये तांबं शून्य आल्यावर कोळंब्या सोडल्या, त्याही मेल्या. दगड आणि वाळू तांबं शोषून धरतात आणि पुढे ते हळूहळू पाण्यात सोडतात. वर्षानुवर्षं जमवलेला, गुलाबी शेवाळ चढलेला लाइव्ह रॉक शेवटी काढून टाकावा लागला.

आता आजारी मासा वेगळ्या टाकीत जातो. तिथे दगड नाही, वाळू नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे तेवढे ठेवलेत. नवा मासाही महिनाभर आधी तिथेच राहतो.