मंगळाचं आभाळ कोणत्या रंगाचं?

दोस्तांनो, चित्र काढायला बसलात की आभाळासाठी कोणता खडू उचलता? निळाच ना? आमच्या वर्गात तर पेटीतला निळा खडू सगळ्यांत आधी संपतो! पण समजा, चित्र मंगळावरचं काढायचं असेल तर? चला, तिथे जाऊनच बघू या.

आपण उतरू क्रायसी प्लॅनिशिया नावाच्या मैदानात. २० जुलै १९७६ रोजी ‘व्हायकिंग-१’ हे अमेरिकन यान इथेच उतरलं. जिकडे पाहावं तिकडे तांबूस माती आणि धोंडेच धोंडे. झाड नाही, झुडूप नाही. हवा आहे, पण इतकी विरळ, की तिचा दाब आपल्याकडच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी.

दुसऱ्या दिवशी यानाने पहिला रंगीत फोटो पाठवला. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी तो घाईघाईने तयार करून दाखवला, तर काय, आभाळ निळं! अगदी आपल्यासारखं. सगळे खूश. पण लवकरच त्यांनी सांगितलं, “चूक झाली, आभाळ गुलाबीसर आहे.” तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी चक्क हुर्यो केली म्हणे! मला त्यांचा राग येत नाही. परक्या गावात आपल्या घरासारखं घर दिसावं आणि जवळ गेल्यावर ते भलतंच निघावं, तसं झालं असणार त्यांचं.

पण मग चूक कळली कशी? यानाचा कॅमेरा आपल्या डोळ्यांसारखा रंग बघत नव्हता. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश तो वेगवेगळा मोजायचा, आणि ते तिन्ही इथे पृथ्वीवर एकत्र करायचे. कोणता किती घ्यायचा, इथेच गडबड! म्हणून यानावर रंगांचे नमुने बसवले होते. त्यांचे खरे रंग आधीपासून ठाऊक. फोटोत नमुना बरोबर दिसेपर्यंत रंग जुळवायचे. तसे जुळवले आणि निळं आभाळ पळालं!

हा रंग येतो धुळीतून. मंगळावरच्या मातीत लोखंडाचा गंज आहे. तिची बारीक धूळ सतत हवेत तरंगत असते. तीच नसती तर इतक्या विरळ हवेत आभाळ जवळजवळ काळंच दिसलं असतं.

तरीही, २०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ गाडीचे काही फोटो पाहाल तर आभाळ निळसरच! आता ही चूक नव्हे, बरं का. ते रंग मुद्दाम बदललेत. पिवळ्या दिव्याखाली पांढरा सदरा पिवळट दिसतो ना? तसे तिथल्या तांबूस उजेडात खडक ओळखू येत नाहीत. म्हणून ते पृथ्वीच्या उजेडात कसे दिसतील, तसं चित्र करतात. खडकांसाठी ते सोयीचं, पण आभाळ त्यात खोटं ठरतं. म्हणून फोटो पाहताना खालची ओळ वाचायला विसरू नका.

खरं आभाळ कसं, हे तिथे उभं राहून अजून एकाही माणसाने पाहिलेलं नाही. धूळ वाढली, कमी झाली की रंगही बदलतो. कधी फिकट पिवळट-तपकिरी, कधी गुलाबीकडे झुकणारा.

तेव्हा तपकिरी आणि गुलाबी खडू काढून ठेवा. पण थांबा, निळाही लागेल! तिथली संध्याकाळ आपल्या उलट असते. ती बारीक धूळ निळा प्रकाश सूर्याच्या आसपासच जास्त पसरवते. २००५ मध्ये ‘स्पिरिट’ गाडीने गुसेव्ह विवरातून मावळतीचा फोटो काढला, त्यात बाकीचं आभाळ तांबूस आणि लहानशा सूर्याभोवती मात्र निळी प्रभा!