गिरणगावासाठी आलेला पैसा

१/ आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत पिवळ्या पडलेल्या कागदांची एक चळत सापडली. गिरणीच्या साचाखात्यातील त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीचा शेवट तिथे एकाच शब्दात झाला होता : ‘स्वेच्छानिवृत्ती’. हा शब्द कुठून आला, हे शोधताना गिरणगावावर खर्च झालेल्या सरकारी पैशाचा इतिहास हाती लागला. तोच या धाग्यात मांडतो आहे.

२/ १८५० च्या दशकात कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतील पहिली कापूसगिरणी उभारली. पुढच्या शतकभरात परळ, लालबाग, वरळी, शिवडी हा सारा परिसर भोंग्याच्या तालावर जगू लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही.

३/ मात्र गिरण्यांचे दुखणे संपाहून जुने होते. यंत्रे जुनाट झाली होती आणि मालकांनी नफा त्यांत पुरेसा गुंतवला नव्हता. भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्त कापड काढत होते. म्हणून १९६८ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले आणि १९७४ च्या कायद्याने देशभरातील १०३ आजारी गिरण्या सरकारच्या झाल्या. १९८३ मध्ये मुंबईतील आणखी १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले.

४/ सरकारी पैशाचा हा पहिला मार्ग : गिरणी जगवणे. पगार चालू राहिले, ही मोठी गोष्ट होती. परंतु पैशाचा मोठा भाग तोटा भरून काढण्यातच जिरला.

५/ दुसरा मार्ग : कामगाराला सावरणे. कायमच्या बंद पडलेल्या खाजगी गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ मध्ये पुनर्वसन निधी योजना आली. पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ आणि पुढे काही नाही. पन्नाशीतला विणकर तीन वर्षांत दुसऱ्या धंद्यात रुजेल, असे या हिशेबात गृहीत धरले होते.

६/ १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला. नवे कौशल्य आणि नवा रोजगार हे त्याचे घोषित हेतू. प्रत्यक्षात बहुतांश रक्कम सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवर गेली. ‘नूतनीकरण’ या नावाखाली माणसांना घरी पाठवण्याचा खर्च भागवला गेला. आजोबांच्या पेटीतला शब्द याच दशकातला. त्यांना मिळालेल्या रकमेतून आत्याचे लग्न झाले आणि गावच्या घरावर नवी कौले चढली. नवा धंदा मात्र उभा राहिला नाही.

७/ तिसरा मार्ग जमिनीतून गेला. मुंबईत ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिच्या पुनर्विकासासाठी ढोबळ सूत्र घातले : एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच ठेवली आणि उद्याने व घरे यांचा वाटा आक्रसला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

८/ तत्पूर्वी २००५ मध्ये महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. सुमारे २,००० कोटी रुपये आले. मंजूर योजनेनुसार जमीनविक्रीचा पैसा स्वेच्छानिवृत्तीची देणी आणि देशभरातील निवडक गिरण्यांचे आधुनिकीकरण यांसाठी होता. म्हणजे गिरणगावाची जमीन इतर गावांच्या पुनरुज्जीवनाचे भांडवल ठरली.

९/ हे तत्त्वतः अन्यायाचे म्हणता येणार नाही. मुंबईची फिनले मिल अमरावती जिल्ह्यात, अचलपूरला, कापसाच्या मुलखात नव्याने उभी राहिली, तेव्हा तिथल्या शेकडो घरांना आधार मिळाला. पण २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि पूर्ववत सुरू झाली नाही. इकडे २०१२ मध्ये गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली सोडत निघाली, तेव्हा घरे ६,९२५ होती आणि अर्जदार दीड लाखाच्या घरात.

१०/ या इतिहासात एक छोटा अपवाद आहे. गिरणगावात एकट्या कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित केले. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची लहान कर्जे मिळू लागली. गिरणीवर अवलंबून असलेल्या, पण हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसांपर्यंत पोहोचलेला हा सार्वजनिक पैसा होता. तो गल्लीत आला, गल्लीत फिरला आणि परतही फेडला गेला.

११/ इतर योजनांत नेमके हेच हुकले, असे मला वाटते. सरकारी खतावणीत गिरणीचे खाते होते, कामगाराचे होते, जमिनीचेही होते. गिरणगाव नावाचे खाते कधी उघडले गेले नाही. खानावळ, वाणी, भजनी मंडळ, तालीम, कामगार रंगभूमी यांनी मिळून झालेले शहर कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. १९९६ मध्ये नेमलेल्या चार्ल्स कोरिया समितीने महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा सुट्या भूखंडांऐवजी एकत्रित आराखडा सुचवला होता. तो अमलात आला नाही.

१२/ आजोबांच्या कागदांत सोडतीचा अर्जही आहे, जपून घडी घातलेला. त्यांच्या हयातीत त्यांचे नाव लागले नाही. मित्रहो, तुमच्या घरात बंद गिरणीची, कारखान्याची अशी कागदपत्रे असतील तर रद्दीत घालू नका. हजेरीकार्ड, पगारपत्रक, सोडतीचा अर्ज, जे असेल त्याचे छायाचित्र काढा, तारीख लिहा, घरातल्या मोठ्यांना त्यामागची हकीकत विचारा. मंजूर झालेल्या रकमा सरकारी दप्तरात सापडतात. त्यांचे पुढे काय झाले, ते बहुधा पत्र्याच्या पेटीतच असते.